मदत हवी आहे: बात्तेरा सुशी पेटीतून काढताना फुटते

नमस्कार मंडळी, ओसाकात राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या कुणी घरी ओशिझुशी, म्हणजे लाकडी पेटीत दाबून करायची सुशी, केली आहे का? मला त्यातली बात्तेरा जमवायची आहे. खाली भात, त्यावर व्हिनेगरमध्ये मुरवलेला साबा (आपल्या बांगड्याच्या जातकुळीतला), वर कोम्बूची, म्हणजे खाण्याच्या समुद्री शेवाळाची, पारदर्शक पातळ पट्टी. नाव होडीच्या पोर्तुगीज शब्दावरून आलंय. आपले ‘पाव’, ‘बटाटा’ हे शब्दही पोर्तुगीजमधूनच आलेले, म्हणून हिच्यावर जास्तच जीव जडलाय.

माशाचं ठीक चाललंय. व्हिनेगरने आनिसाकिस कृमी मरत नाहीत, म्हणून उणे 20 अंशांवर 24 तासांहून जास्त गोठवलेलाच मासा घेते. आधी मीठ, मग व्हिनेगर. कडा पांढऱ्या होतात, मधला भाग गुलाबी राहतो.

अडतंय ते भातापाशी. हिनोकी लाकडाची पेटी भिजवून पुसून घेते, भात कोमट असतानाच भरते, झाकण दोन्ही हातांनी दाबते. तरी पेटी उचलली की कोपऱ्यांतली शितं लाकडालाच चिकटून राहतात. सुरी फिरवली की वडी मधोमध फुटते. कडा सरळ नसतील तर ती बात्तेरा कसली!

भात कमी पडतोय की दाब? दाबून किती वेळ ठेवता? कोम्बू पेटीतच घालायची की बाहेर काढल्यावर? सुरी प्रत्येक कापाला ओली करता का?

रविवारी सासूबाई भारतातून पहिल्यांदाच येताहेत. त्यांना माझ्या हातची हीच खाऊ घालायची आहे. कृपया लवकर सांगा.