मदत हवी आहे: आई-बाबांना किल्ले दाखवायचेत, कुठले घेऊ?

फोंडेकरीण: आई-बाबा पुढच्या आठवड्यात फोंड्याहून माझ्याकडे येताहेत. बाबांना किल्ले आणि जुन्या वास्तूच बघायच्यात, बाकी काही नको म्हणतात. चांगल्या वेळा भराभर भरतायत, तिकिटं आज रात्रीच काढायचीत. कुठला किल्ला घेऊ, कुठला सोडू? लवकर सांगा.

मांडवीकाठ: माझ्याकडे म्हणजे कुठे?

फोंडेकरीण: लिस्बन.

डिचोलीकर: लिस्बनजवळचं सिंत्रा सोडूच नका. रोसियो स्टेशनवरून लोकल, पुढे ४३४ नंबरची बस. पेना राजवाडा आणि मुरांचा, म्हणजे तिथल्या जुन्या मुस्लिम राज्यकर्त्यांचा, किल्ला एका दिवसात होतात. तटावरून पार समुद्र दिसतो.

साखळीची_सून: अहो, त्या तटावर नुसत्या उंचसखल पायऱ्या! माझ्या सासूबाई पहिल्याच बुरुजाखाली बसून राहिल्या. त्यापेक्षा सिंत्रा गावातला जुना राजवाडा घ्या, दोन पांढऱ्या निमुळत्या धुराड्यांचा. डोंगर चढायला नको. धुराड्यांखालचा मुदपाकखाना आईंना नक्की आवडेल.

डिचोलीकर: त्यांनी किल्ला विचारलाय, राजवाडा नव्हे. माझे वडील आरामात चढले.

मांडवीकाठ: तुमचे चढले म्हणून सगळ्यांचे चढतील का? ताई, वय काय, गुडघे कसे?

फोंडेकरीण: बाबा ७१. आईचा गुडघा बदललाय, एखादा जिना जमतो. तिला खाली बसवून बाबा एकटे चढणार नाहीत.

मांडवीकाठ: हे आधी सांगायचं ना! मग लिस्बनमधलाच साव जॉर्ज किल्ला. फिगेरा चौकातून ७३७ नंबरची बस किल्ल्यापाशी सोडते. ११४७ साली पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याने मुरांकडून जिंकलेला. तट चढला नाही तरी अंगणातून तेजो नदी आणि सगळं शहर दिसतं, झाडांची सावली आहे, मोर फिरतात. २८ नंबरच्या ट्रामने नेऊ नका, गर्दी आणि पाकीटमार. ओबिदुश या तटबंदीच्या गावाच्या तटावर तर अजिबात नको, आतल्या बाजूला कठडाच नाही. आणि फुटपाथचे दगड पावसात भयंकर निसरडे होतात, आईंना रबरी तळव्याचे बूट घ्या.

म्हापसेकर: व्हिसासाठीचा प्रवासविमा काढलात का? सोलं, सुकी मिरची मोठ्या बॅगेत भरायला सांगा.

फोंडेकरीण: विमा, व्हिसा सगळं झालंय. फक्त किल्ले सांगा.

साखळीची_सून: लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमुश मठ बघा, वास्को द गामाची कबर तिथे आहे. सोमवारी बंद.

कुंकळ्ळीकर: गामाची कबर बघायला गोव्याहून कशाला जायचं? पेनिशचा किल्ला दाखवा. गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना गोव्यातून नेऊन तिथे डांबलं होतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचा तुरुंग, २०२४ पासून तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आलेले मुक्तिलढ्यातले मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात कैदेत होते, १९६९ साली सुटले. गोंयकाराने पोर्तुगालात जाऊन हे नाही बघायचं तर काय बघायचं?

डिचोलीकर: पेनिशला रेल्वे नाही. अख्खा दिवस जातो.

कुंकळ्ळीकर: जाऊ दे की.

फोंडेकरीण: बाबांना आत्ताच विचारलं. कुन्हांचं नाव काढताच म्हणाले, बाकी सगळं राहिलं तरी चालेल, पेनिशला ने. साव जॉर्जची सकाळची तिकिटं काढली, सिंत्राचा गावातला राजवाडा दुसऱ्या दिवशी. आता पेनिशचं सांगा: बस उतरल्यावर किल्ल्यापर्यंत चालायचं किती, आणि आत कोठड्या बघायला जिने चढावे लागतात का? स्वतः गेलेल्यानेच सांगा.