शब्दचर्चा : बारावा गडी की बारावा खेळाडू?

विचारणा

अमेरिकेत केंटकी राज्यात डॅनव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या सेंटर कॉलेजच्या १९२१ च्या फुटबॉल हंगामावर मी मराठीत लेख लिहिते आहे. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळण्याचा. कॉलेजात तेव्हा तीनशेहूनही कमी विद्यार्थी होते, आणि त्या संघाने हार्वर्डला हार्वर्डच्या मैदानावर ६-० असं हरवलं. इथपर्यंतचं लिखाण झालं. अडले ते शेवटच्या सामन्याशी. २ जानेवारी १९२२, डॅलस, समोर टेक्सास ए अँड एम या कॉलेजचा संघ. त्या सामन्यातून टेक्सासात 'ट्वेल्फ्थ मॅन' हा शब्द रुजला. मी लिहिलं 'बारावा गडी'. मसुदा वाचून भाच्याने विचारलं, "मावशी, हा पाणी घेऊन आला होता का?" त्याचं काही चुकलं नाही. क्रिकेटमुळे आपल्या कानाला बारावा म्हटलं की तेच दिसतं. मग काय लिहावं?

उत्तर

'बारावा खेळाडू' लिहा. गडी म्हटलं की कबड्डी, खो-खो आठवतो, नाहीतर घरगडी, शेतगडी. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलाला गडी म्हणणं मला खटकतं. 'राखीव खेळाडू' अर्थाला सर्वांत जवळचं, पण त्यात बारा हा आकडा जातो, आणि तिथे तर आकड्यालाच महत्त्व आहे.

उत्तर

ताई, शब्द ठरवण्याआधी त्या मुलाने नेमकं काय केलं ते बघू या.

त्याचं नाव ई. किंग गिल. तो फुटबॉल सोडून बास्केटबॉलच्या संघात गेला होता. त्या दिवशी तो वर वार्ताहरांच्या कक्षात बसून खेळाडू ओळखून सांगत होता. पूर्वार्धातच टेक्सासचे एकामागून एक खेळाडू जायबंदी होत गेले, तेव्हा प्रशिक्षक डॅना बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. प्रेक्षकांच्या बाकांखाली एका जखमी खेळाडूचा पोशाख अंगावर चढवून तो मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. सामना संपेपर्यंत उभाच होता. टेक्सास २२-१४ असं जिंकलं. गिल एक क्षणही खेळला नाही.

म्हणजे भाच्याच्या मनात आलेलं चित्र फार दूरचं नाही. मैदानाबाहेर तयार उभा असलेला आणि बहुधा न खेळणारा माणूस, क्रिकेटमधला बारावा तोच. फरक आहे तो मान देण्यात. आपण त्याला पाण्याच्या बाटल्यांवरून ओळखतो, तिथे तो उभा राहिला म्हणून ओळखतात. आजही त्या विद्यापीठाचे विद्यार्थी सामनाभर बसत नाहीत. गरज पडली तर आम्हीही उतरू, असा त्याचा अर्थ. म्हणून माझं मत 'गडी'लाच. खेळाडू हा शब्द खेळणाऱ्याचा आहे, आणि गिल तर खेळलाच नाही. गडी म्हणजे आपल्या बाजूचा माणूस. सवंगडी याच शब्दातून येतो.

आणखी एक बघा. 'पाच गडी राखून विजय' हे आपण रोज वाचतो. राखलेले म्हणजे जे बाद झाले नाहीत ते, आणि त्यातल्या अनेकांवर बहुधा फलंदाजीची वेळच आलेली नसते. विजयाचं माप आपण त्या हाताशी उरलेल्यांवरून सांगतो. इतका चांगला वाक्प्रचार आपल्याकडे असताना गडी हलका का मानावा?

विचारणा करणारीकडून

'गडी राखून' हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. मात्र दुसरी अडचण राहतेच. पुढे हा शब्द एका माणसाचा न राहता सगळ्या प्रेक्षकांचा झाला. टेक्सास ए अँड एमने १९९० मध्ये त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही केली. हजारो लोकांना 'बारावा गडी' असं एकवचनात कसं म्हणायचं?

उत्तर

माणसासाठी 'बारावा गडी' आणि गर्दीसाठी 'पाठीराखे', असे दोन शब्द वापरा. पहिल्यांदा दोन्ही जवळजवळ ठेवा : 'पुढे सगळे पाठीराखेच बारावा गडी ठरले.' एकवचन अशा वेळी चालतं. 'सारा गाव धावून आला' यात गाव एकच आहे.

मला मात्र वेगळंच सांगायचं आहे. या सामन्याच्या गोष्टीत सेंटर कॉलेज नेहमी 'हरलेला संघ' एवढंच उरतं. ज्यांचा हंगाम होता त्यांच्या नावावर शब्द नाही, तो प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. तुमचा लेख सेंटरवर आहे, तर त्यांचा शब्द पुढे आणा. त्यांच्याकडेही एक आहे आणि तो मला बाराव्या गड्याहून जास्त आवडतो : 'सी-सिक्स एच-झिरो'. सेंटर सहा, हार्वर्ड शून्य, रसायनशास्त्राच्या सूत्रासारखं लिहिलेलं. विजयानंतर ते भिंतींवर रंगवलं गेलं. रसायनात असं काही असूच शकत नाही, आणि गंमत नेमकी तीच. हार्वर्ड त्याआधीची दोन वर्षं एकही सामना हरलं नव्हतं. १९२० मध्ये त्यांनी याच सेंटरला ३१-१४ असं हरवलं होतं. २९ ऑक्टोबर १९२१ ला, चाळीस हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर, सामन्याच्या उत्तरार्धात सेंटरचा बो मॅकमिलिन चेंडू घेऊन ३२ यार्ड धावला आणि सामन्यातले सहाच्या सहा गुण झाले. ते अक्षर-आकडे देवनागरीत 'सी६एच०' असे सलग लिहा. फोड करून सांगितलंत तर सूत्र दिसणार नाही.

शिवाय डॅलसला उतरण्याआधी त्यांच्याविरुद्ध अख्ख्या हंगामात फक्त ६ गुण झाले होते, तेही एकाच सामन्यात, सेंट झेवियरविरुद्ध. ट्रान्सिल्व्हेनिया नावाच्या कॉलेजला त्यांनी ९८-० असं हरवलं होतं. हे आकडे आधी द्या, म्हणजे २२ गुण खाणं त्यांना किती बोचलं असेल ते आपोआप कळेल.

आणखी एक

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. सेंटरच्या प्रशिक्षकांचाही उल्लेख करा. चार्ली मोरान, संघात सगळे त्यांना अंकल चार्ली म्हणत. इथे 'अंकल' तसंच ठेवू नका, मराठीत तो शेजारच्या फ्लॅटमधला माणूस वाटतो. 'चार्लीकाका' लिहा. मी कबड्डीच्या संघांसोबत बरीच वर्षं काढली आहेत. गावच्या संघात शिकवणाऱ्याला मुलं काका किंवा वस्ताद म्हणतात आणि त्यात धाक आणि माया दोन्ही असतात. हे चार्लीकाका १९०९ ते १९१४ टेक्सास ए अँड एमचेच प्रशिक्षक होते. त्या दिवशी समोर त्यांचंच जुनं कॉलेज होतं. मॅकमिलिनचं लग्न तर त्याच सकाळी झालं होतं.

आणि 'सेंटर कॉलेज' पहिल्यांदा लिहिताना 'सेंटर नावाचं कॉलेज' असं लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला ते परीक्षेचं केंद्र वाटेल.

विचारणा करणारीकडून

केंद्राचं लक्षातच आलं नव्हतं, लगेच बदलते. तो परिच्छेद आता असा केला आहे, सांगा कसा वाटतो :

'वार्ताहरांच्या कक्षातून गिल खाली आला. जखमी सहकाऱ्याचा पोशाख त्याने अंगावर चढवला आणि कंबर कसून कडेला उभा राहिला. अकरा जण मैदानात, हा बारावा गडी. चार्लीकाकांच्या मुलांनी झुंज सोडली नव्हती, पण वर्षभरात फक्त ६ गुण खाल्लेल्या त्या संघावर त्या दुपारी २२ चढले. गिलला उतरायची वेळच आली नाही. टेक्सास एक गडी राखून जिंकलं.'

शेवटचं वाक्य ठेवू का?

उत्तर

ठेवा. फक्त 'झुंज सोडली नव्हती'च्या जागी '१४ गुण मिळवले' असं सरळ लिहा. आकडा त्यांच्या बाजूने जास्त बोलतो.