ताळेबंद तपासणाऱ्यालाच सल्ल्याचं काम का द्यावं?

हिशेबनीस:
भोसरीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं अकाउंट्स सांभाळतोय. यंदा कर सल्ल्याचं काम कुणाला द्यायचं, असा विषय निघाला तेव्हा ऑडिटरलाच द्या, असं मीच सुचवलं. नवा सल्लागार आला की पहिले दोन महिने आम्हीच त्याला शिकवतो: जॉबवर्कचा माल कुठे जातो, डायचा घसारा कसा धरतो, गिऱ्हाईक डेबिट नोट का पाठवतं. ऑडिटरला हे सगळं पाठ असतं. कागद तेच, आकडे तेच. यात गैर काय?

चिकित्सक:
गैर आहे. पुढे घोटाळ्यात बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने 2000 साली आपल्या ऑडिटरला, म्हणजे आर्थर अँडरसन या फर्मला, ऑडिटचे अडीच कोटी डॉलर दिले आणि इतर कामांचे सुमारे 2 कोटी 70 लाख. असं गिऱ्हाईक दुखवायची हिंमत कुठला भागीदार करेल? 2002 मध्ये अमेरिकेने अशा बऱ्याच कामांवर बंदी घातली. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 144 त्याचसाठी आहे.

हिशेबनीस:
कलम 144 मला माहीत आहे. हिशेब लिहिणं, अंतर्गत लेखापरीक्षण, गुंतवणूक सल्ला ऑडिटरला बंद. कर सल्ला त्या यादीत नाही. आणि आपल्याकडच्या सत्यम या आयटी कंपनीच्या घोटाळ्याचं दुखणं वेगळं होतं: बँकेतली शिल्लक खोटी होती आणि ऑडिटरने बँकांकडून नीट खातरजमा केली नाही. त्याचा सल्ल्याच्या फीशी काय संबंध?

सांगलीची सीए:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. कलम 144 प्रायव्हेट लिमिटेडलाही लागू आहे, तरी गिऱ्हाइकं सर्रास म्हणतात, "मॅडम, वह्याही तुम्हीच लिहा आणि सहीही तुम्हीच करा." नाही म्हटल्यामुळे माझी दोन कामं गेली, त्याचं वाईट वाटतं. पण खरी गोम ऑडिटच्या फीत आहे. कंपन्या ती इतकी घासून खाली आणतात की फर्मचं भागतं ते दुसऱ्या कामांवर. आमच्या, म्हणजे सीएंच्या, संस्थेच्या नियमानुसार सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत इतर कामाची फी ऑडिट फीहून जास्त नको, पण कर अधिकाऱ्यांपुढे बाजू मांडायचं काम त्यात मोजतच नाहीत. शिवाय कलम 144 मधल्या 'व्यवस्थापन सेवा' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या कायद्यात नाही.

चिकित्सक:
मॅडम, नेमकं बोललात. हिशेबनीस, समजा तुमच्या ऑडिटरच्या सल्ल्याने एखादी वजावट घेतली आणि आयकर खात्याची नोटीस आली. त्या रकमेची तरतूद करायची, म्हणजे ती नफ्यातून आधीच वजा धरायची, की फक्त ताळेबंदाखालच्या टिपेत लिहायचं? तरतूद करा म्हणणं म्हणजे स्वतःचा सल्ला चुकला हे कबूल करणं. ते कबूल करेल तो?

हिशेबनीस:
इथे मी अडलो. आमचं असंच एक प्रकरण अपिलात आहे, त्यामुळे हे मला जास्त लागलं. टॅक्स ऑडिट (आयकर कायद्याखालची हिशेबतपासणी) ऑडिटरकडेच ठेवीन, पण वादातल्या प्रकरणांवरचं मत बाहेरून घेऊ. ऑडिट फी वाढवायलाही संचालकांना सांगणार आहे. मॅडम, त्यांच्यापुढे काय घेऊन जाऊ?

सांगलीची सीए:
तासांचा हिशेब मागवा. आर्टिकलची मुलं (सीएकडे शिकणारे उमेदवार) किती तास बसली, भागीदार स्वतः किती तास आला. गेल्या वर्षीची फी त्या तासांनी भागा आणि तो आकडा संचालकांपुढे ठेवा.