पट्टी येते म्हणजे प्रोटीनची घडी शाबूत आहे असं नाही

वर धुळ्याच्या ताईंनी विचारलंय: विकत आणलेल्या मानवी क्लॉडिन-४ या प्रोटीनची वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीनं आकारमानानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) २२ किलोडाल्टनच्या आसपास छान पट्टी येते, पण क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचं एन्टेरोटॉक्सिन हे विष त्याला चिकटत नाही, मग माल खराब का?

आधी ट्यूबसोबत आलेला कागद वाचा. हे प्रोटीन पेशीपटलातून चारदा आरपार जातं. बाहेर दोनच वेटोळी राहतात आणि टॉक्सिन मुख्यतः दुसरं धरतं. ई. कोलाय जिवाणूत बनवून युरियात विरघळवलेलं असेल तर घडी, म्हणजे प्रोटीनचा मूळ आकार, मोडलेली असणार. ब्लॉटमध्ये आपण तशीही ती मोडतोच, म्हणून अँटीबॉडीला फरक पडत नाही. तुम्हाला डिटर्जंटमध्ये (पटलातलं प्रोटीन विरघळलेलं ठेवणारा साबणासारखा पदार्थ) राखलेलं हवं. आणि बफर (प्रोटीन ज्यात ठेवलंय ते द्रावण) बदलताना डिटर्जंट घालवू नका, गुठळ्या होतात.

दुसरं, आपलं ऊन. जळगावात मे महिन्यात आमची पेटी दुपारभर फाटकावर पडून होती. उघडली तर ड्राय आइसचा खडाही नाही, ट्यूब चक्क कोमट. आता आल्या आल्या छोटे भाग करून उणे ८० ला टाकतो, एकदा वितळवलेलं परत गोठवत नाही.

पट्टी त्या कोमट ट्यूबचीही आली होती बरं का!