मदत हवी आहे: बाबांच्या बाजूने बीआरसीए-१ (स्तन आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष) आहे, चाचणी आधी कोणी करावी?

नमस्कार मंडळी,

माझ्या आतेबहिणीला गेल्या वर्षी, वयाच्या ३८ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. तो ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन आणि एचईआर-२ हे तिन्ही रिसेप्टर नसलेला) प्रकारचा, म्हणून डॉक्टरांनी जेनेटिक टेस्ट करायला लावली. रिपोर्ट तिने मला पाठवलाय. बीआरसीए-१, १८५डेलएजी, हेटेरोझायगस (दोनपैकी एकाच प्रतीत दोष), पॅथोजेनिक (आजाराला कारण ठरणारा). म्हणजे जनुकातली दोन अक्षरं गळलीत आणि तिथून पुढे प्रथिन धड बनतच नाही. आत्या ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. बाबांची आई 'छातीत गाठ होऊन' गेली असं घरात बोलतात, कागद काहीच नाहीत.

मी ३४ वर्षांची, मला एक मुलगी आहे. धाकटी बहीण २६ ची. इतकी वर्षं गायनॅककडे जाते, प्रश्न ठरलेला: "आईला, मावशीला कोणाला कॅन्सर?" मी नाही म्हणायचे आणि ते खरंच होतं. बाबांकडच्या माणसांबद्दल कोणी विचारलंच नाही. बायकांचा आजार आईकडूनच येणार, हा समज तपासणीच्या खोलीतही असावा याचं फार वाईट वाटतं. हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे, बापाकडूनही ते तितकंच येतं.

माझा हिशोब असा की आत्याकडे होतं, तर बाबांकडे असण्याची शक्यता ५० टक्के आणि आम्हा बहिणींची प्रत्येकी २५. बाबा निगेटिव्ह आले तर या दोषापुरत्या आम्ही दोघी सुटलो. पण बाबा ६७ चे, साताऱ्याला असतात. म्हणतात, "मला आता काय होणार? आणि निघालंच तर पोरींना मीच दिलं असं होईल." हे ऐकल्यापासून माझी जीभच रेटत नाही. काकू म्हणते, धाकटीचं लग्न ठरेपर्यंत हा विषय नको. काकांनाही दोन मुली आहेत आणि त्यांना यातलं अवाक्षर माहीत नाही, याची मला जास्त धास्ती आहे.

बाबांसाठी थांबू की सरळ माझीच चाचणी करू? पॉझिटिव्ह आले तर पुढे काय काय करावं लागतं? आणि बाबांशी बोलायचं कसं? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

निशिगंध:
ताई, मी स्वतः बीआरसीए-१ पॉझिटिव्ह आहे, म्हणून लिहिते. बाबांसाठी अडून राहू नका. घरातला दोष माहीत असल्यामुळे तुम्हाला अनेक जनुकं एकदम तपासणारं मोठं पॅनेल लागणार नाही, तेवढी एकच जागा तपासतात, खर्चही कमी येतो. आतेबहिणीच्या रिपोर्टची पूर्ण प्रत मात्र सोबत न्या. आत्याची चाचणी झाली नव्हती ना? मग दोष तिच्याकडूनच आला हे जवळपास नक्की, पूर्ण नक्की नाही. बाबांच्या रक्ताने कदाचित तेही कळेल.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात बीआरसीए-१ असलेल्या बायकांना ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि ओव्हरीच्या कॅन्सरची ४४ टक्के दिसली. स्तनासाठी साधारण २५ पासून दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर जोडीला मॅमोग्राफी. ओव्हरीचं दुखणं वेगळं आहे. ते वेळेत पकडेल अशी भरवशाची तपासणीच नाही, म्हणून मुलंबाळं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान ओव्हरी आणि नळ्या काढायचा सल्ला देतात. तुम्ही ३४ च्या आहात, म्हणून म्हणते, वर्षभर ढकलू नका. मी ३९ व्या वर्षी काढल्या. पाळी अचानक बंद झाल्याचा त्रास सोसावा लागला, पण निर्णयाचा पश्चात्ताप नाही. मुलीची चाचणी आत्ता करायची नसते, ती सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवेल.

वाटसरू:
बाबांना 'चाचणीला चला' म्हणू नका. जेनेटिक काउन्सेलरला (चाचणीआधी आणि नंतर समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाला) तीन पिढ्यांचा वंशवृक्ष लागतो, कोण कशाने आणि कितव्या वर्षी गेलं ते. ही माहिती बाबांइतकी कोणाकडे असणार? 'ती सांगायला माझ्याबरोबर या' म्हणा. माझे सासरे असेच आले आणि काउन्सेलरशी बोलून झाल्यावर स्वतःहून रक्त दिलं. 'मीच दिलं' याचं उत्तरही तिथेच नीट मिळतं, त्यांनाही ते कोणाकडून तरी आलेलंच आहे. टाटा मेमोरियलचा कॅन्सर जेनेटिक्स विभाग खारघरला आहे. तिथे संशोधनासाठी नोंद करता का विचारलं तर जरूर हो म्हणा. १९९० मध्ये शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं ते अशाच कुटुंबांच्या नमुन्यांवरून. आपल्याकडच्या कुटुंबांची माहिती कमी असल्यामुळे आजही कित्येकांच्या रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येतो.

मूळ धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. वंशवृक्षाचं बाबांना आत्ताच फोनवर सांगितलं, "आजीच्या बहिणीचंही सांगावं लागेल" एवढं म्हणाले. माझी अपॉइंटमेंट घेते आहे, बाबांसाठी थांबत नाही. आता काकांकडचा प्रश्न. आतेबहीण तिचा रिपोर्ट त्यांना दाखवायला तयार आहे, पण सांगायचं कोणी, तिने की मी? कोणी अशा वेळी काउन्सेलरकडून नातेवाइकांसाठी पत्र घेतलं आहे का?