घाट उतरताना निळा धूर : ऑक्टेव्हिया व्हीआरएसच्या हेडमधील व्हॉल्व्ह आणि गाइड

कर्वेनगर_टर्बो

नमस्कार. माझ्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस आहे. इंजिन १.८ लिटरचे टर्बो असून प्रत्येक सिलिंडरला तीन इनटेक आणि दोन एक्झॉस्ट असे पाच, म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह आहेत. मुंबईला जाताना बोरघाट गिअरवर उतरवला आणि खोपोलीच्या बाजूला सपाटीवर येऊन पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की आरशात निळ्या धुराचा लोट दिसतो. विद्यापीठ चौकात बराच वेळ उभे राहिल्यावरही तसेच होते. मात्र चढावर पूर्ण ताकदीने गाडी चालवताना धूर जवळजवळ नसतो. दर हजार किलोमीटरला पाऊण लिटरच्या आसपास ऑइल घालावे लागते. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, चारही सिलिंडरांत एकमेकांच्या जवळ आहे.

एका गॅरेजचे म्हणणे, हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न उतरवता फक्त व्हॉल्व्हचे ऑइल सील बदलावेत. दुसरे म्हणतात, जुन्या बाजारातून वापरलेले हेड आणून बसवावे. तिसऱ्यांनी गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीतून सरकतो तिच्यात, ब्रॉन्झचे लायनर (अस्तर) घालण्याचा सल्ला दिला आहे. गाडी विकायची नाही आणि इंजिनाची मूळ ताकद कायम राहावी अशी इच्छा आहे. यांपैकी कोणता मार्ग धरावा?

भोसरी_हेडवाला

आपण वर्णन केलेली लक्षणे पिस्टनच्या रिंगांपेक्षा गाइड आणि सील यांच्याकडे अधिक बोट दाखवतात. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद ठेवून घाट उतरताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये मोठी निर्वात पोकळी तयार होते आणि ती झिजलेल्या गाइडमधून वरचे ऑइल खाली खेचते. मग थ्रॉटल उघडताच साठलेले ऑइल एकदम जळते. रिंगा गेल्या असत्या तर धूर प्रामुख्याने जोर देताना दिसला असता. तरीही हेड उतरवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. या इंजिनाच्या ब्रीदर प्रणालीतील, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेतील, रबरी नळ्या वयानुसार कडक होऊन तडकतात, आणि टर्बोचे सील गेल्यासही निळाच धूर येतो. इंटरकूलरकडे (टर्बोमधून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारा पाइप सोडून आत ऑइल साचले आहे का, ते पाहावे. थोडा ओलावा असतोच. ऑइलचे थारोळे असू नये.

हे दोन्ही ठीक निघाल्यास लीक-डाउन चाचणी करावी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून किती गळते ते पाहावे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखे आहे एवढ्यावरून हेड निर्दोष ठरत नाही, कारण झिजलेल्या गाइडमुळे व्हॉल्व्ह सीटवर (बंद होताना तो जिथे टेकतो त्या कड्यावर) दर वेळी थोडा वेगळा बसतो आणि ते नुकसान कॉम्प्रेशन गेजवर उशिरा दिसते.

केवळ सील बदलण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन हेड न उतरवता सील बदलता येतात, हे खरे. परंतु गाइड सैल असेल तर व्हॉल्व्हचा दांडा आडवा हलत राहतो आणि नव्या सीलची रबरी कड थोड्याच काळात पुन्हा फाकते. पैसे वाचल्यासारखे वाटतात, धूर मात्र परत येतो.

सिंहगड_रोड_व्हीटेक

भोसरीकरांशी बहुतांशी सहमत असलो तरी तिसऱ्या गॅरेजने सुचवलेल्या लायनरला एकदम बाद करू नये, असे मला वाटते. जुने गाइड आतून रीम करून (कापून मोठे करून) त्यात पातळ ब्रॉन्झचे लायनर बसवले आणि नंतर मापात आणले, तर हेडमधील मूळ छिद्राला हात लागत नाही. ब्रॉन्झ कास्ट आयर्नपेक्षा उष्णता चांगली वाहून नेते. पूर्वी गाइडच्या आत आटे पाडून धातू उचलण्याची नर्लिंगची पद्धत होती. तिच्याशी लायनरची तुलना करणे अन्यायाचे ठरेल. नर्लिंग केलेला गाइड फार टिकत नाही, कारण व्हॉल्व्हचा दांडा केवळ आट्यांच्या टोकांवर टेकतो.

वापरलेल्या हेडच्या फंदात मात्र पडू नका. तेही तितकेच चाललेले असणार, आणि वर ते कधी किती तापले होते याची काहीच माहिती नसणार.

कर्वेनगर_टर्बो

आपल्या सूचनांप्रमाणे तपासणी करून घेतली. ब्रीदरची एक नळी तडकलेली होती, ती बदलली. धूर किंचित कमी झाला, पण गेला नाही. टर्बो ठीक आहे. हेड उतरवून मापे घेतली असता इनटेक व्हॉल्व्ह आणि गाइड यांतील अंतर ०.०९ ते ०.१० मिलिमीटर आणि एक्झॉस्टचे ०.१३ ते ०.१४ मिलिमीटर भरले. इनटेक व्हॉल्व्हच्या मागे काजळीचे जाड थर आहेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले असल्याचे सांगण्यात आले. ते घासून पुन्हा वापरता येतील का? आणि नवे गाइड कोणत्या धातूचे घ्यावेत?

भोसरी_हेडवाला

ही मापे पाहता निर्णय सोपा झाला आहे. ज्या इंजिनांचा व्हॉल्व्हचा दांडा साधारण इतक्याच जाडीचा असतो अशा अनेक जपानी इंजिनांत इनटेकसाठी ०.०८ आणि एक्झॉस्टसाठी ०.११ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा मानली जाते. आपले गाइड त्यापलीकडे गेले आहेत. गाइडचे माप वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी घेतले होते का? गाइड सहसा दोन्ही तोंडांशी घंटेसारखा फाकतो आणि मध्ये घट्ट राहतो. एकाच ठिकाणी मोजल्यास झीज कमी भासते.

सोडियमच्या व्हॉल्व्हबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे निष्काळजीपणा धोकादायक ठरू शकतो. अशा व्हॉल्व्हचा दांडा पोकळ असून त्यात काही भाग सोडियम असते. ते सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळते आणि इंजिन चालू असताना आत खालीवर हिंदकळत व्हॉल्व्हच्या डोक्याची उष्णता दांड्याकडे नेते. साध्या व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते. सोडियमच्या व्हॉल्व्हमध्ये दांड्याचा, म्हणजेच पर्यायाने गाइडचा, वाटा वाढतो. त्यामुळे एक्झॉस्टचा गाइड झिजला की ऑइल तर जळतेच, शिवाय व्हॉल्व्ह अधिक तापतो, त्याची कड जळू लागते, आणि टर्बो इंजिनात हे फार लवकर घडते. दहनकक्षात येणाऱ्या ऑइलमुळे नॉकिंगची, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके बसण्याची, शक्यताही वाढते; मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीची वेळ मागे घेतो आणि गाडी मंद वाटू लागते. आपण ताकदीचा प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर बऱ्याच अंशी येथेच आहे.

असे व्हॉल्व्ह लेथवर चढवून त्यांचा सीटवर टेकणारा पृष्ठभाग घासू नये. हलके लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घोळवणे) चालते. दांडा झिजला असेल किंवा कडेची जाडी कमी झाली असेल तर नवेच घ्यावेत. जुने व्हॉल्व्ह कापून पाहू नका आणि भंगारात टाकण्यापूर्वी त्यांत सोडियम असल्याचे अवश्य सांगा, कारण पाण्याशी संपर्क येताच सोडियमची स्फोटक प्रतिक्रिया होते.

आता कामाचा क्रम, कारण माझ्या मते बहुतेक हेड येथेच बिघडतात. हेड सर्व बाजूंनी सारखे, सुमारे १५० अंशांपर्यंत तापवावे आणि नवे गाइड फ्रीझरमध्ये गार करावेत. नुसत्या हातोड्याने थंड हेडमध्ये गाइड ठोकल्यास अ‍ॅल्युमिनियम ओरबाडले जाते आणि छिद्र कायमचे खराब होते. जुने गाइड काढल्यावर प्रत्येक छिद्र मोजून त्यानुसार गाइडचा बाहेरचा व्यास ठरवावा. बसवल्यावर गाइड आतून किंचित आवळतो, म्हणून तो रीमरने अथवा होनिंगने (बारीक घासून) मापात आणावा. मापात म्हणजे इनटेकला तीन ते पाच आणि एक्झॉस्टला पाच ते आठ शतांश मिलिमीटर. अधिक घट्ट ठेवण्याचा मोह आवरावा. ऑइलची फिल्म राहिली नाही तर व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतो.

यानंतरच सीट कापायचे. सीट कापणारे हत्यार गाइडच्या आधाराने फिरते, त्यामुळे सैल गाइडवर कापलेले सीट आणि व्हॉल्व्ह यांचा मध्य कधीच जुळत नाही. शक्य तितके कमी कापावे. सीट खोल गेले की दांड्याचे टोक वर येते. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने अंतर आपोआप भरून काढणारे भाग) असल्याने तेथे शिम (पातळ चकती) घालून सुधारणा करता येत नाही, आणि मर्यादा ओलांडल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेली दांड्याच्या टोकाची उंची वीसही व्हॉल्व्हसाठी मोजून कागदावर मागावी.

धातूबाबत, एक्झॉस्टला चांगल्या प्रतीचे मँगनीज किंवा सिलिकॉन ब्रॉन्झ योग्य ठरते. नुसते ‘ब्रॉन्झ’ म्हणून मिळणारे काहीही घेऊ नये. फेरारी एफ३५५ मध्येही प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह होते आणि सुरुवातीच्या गाड्यांतील ब्रॉन्झचे गाइड लवकर झिजत असल्याने ते बदलावे लागत. किंमत मोठी असली की धातू उत्तमच असतो, असे नाही.

सिंहगड_रोड_व्हीटेक

एक्झॉस्टला ०.१४ ही झीज आणि सोडियमचे व्हॉल्व्ह हे दोन्ही पाहता मीही आता पूर्ण नवे गाइड घालण्याच्या बाजूने आहे. इतक्या उष्णतेत जुन्या गाइडची भिंत आणि लायनर यांच्यामधला सांधा हा उष्णतेच्या मार्गातील आणखी एक अडथळा ठरेल. इनटेकला लायनर चालू शकले असते, परंतु एकाच हेडमध्ये दोन पद्धती वापरून फारसे काही वाचणार नाही.

हेड उतरलेलेच आहे तर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि दोन कॅमशाफ्टमधील साखळीचा टेन्शनर (तिचा ताण राखणारा भाग) यांचाही विचार करावा. हेडचे बोल्ट नवेच वापरावेत. लॅपिंगनंतर पेस्टचा कणही राहता कामा नये, यासाठी हेड धुताना आपण स्वतः उभे राहिलात तर उत्तम. जोडणीपूर्वी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून प्रत्येक व्हॉल्व्ह गळतो का, ते आपल्यासमोर दाखवायला सांगावे. चांगला कारागीर त्याला नाही म्हणणार नाही.

कर्वेनगर_टर्बो

गाइडची मापे एकाच ठिकाणी घेतली होती, ती उद्या तिन्ही ठिकाणी पुन्हा घ्यायला सांगतो. नवे गाइड आणि नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घालण्याचे ठरवले आहे. इनटेकचे दांडे मोजून त्यांचा निर्णय घेईन. सीट कापल्यानंतरच्या उंचीचा कागद हाती आला की येथे आकडे देईन.

भोसरी_हेडवाला

अवश्य द्यावेत. मधला इनटेक व्हॉल्व्ह बाजूच्या दोघांपेक्षा वेगळ्या कोनात बसतो आणि त्याच्या उंचीची मर्यादाही वेगळी आहे, हे मोजणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.