पीजी_रिस्टोअरचा लॉग फाईलमध्ये उतरेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर हलवायला लागलोय. डेटाबेस पोस्टग्रेस, नवा कॉम्प्युटर उबुंटूचा. मराठी आणि कन्नड दोन्ही पुस्तकं आहेत. आमच्या ग्रंथपाल काकांनी एकेक नोंद स्वतः टाईप केलीय, त्यातली एकही गळू नये एवढंच वाटतंय.

पीजी_रिस्टोअर (बॅकअपमधून डेटाबेस परत भरणारी कमांड) व्हर्बोज, म्हणजे प्रत्येक पायरी दाखवणारा पर्याय, लावून चालवला. ओळी भराभर वर गेल्या आणि शेवटी दिसलं, ‘एरर्स इग्नोअर्ड ऑन रिस्टोअर: १’. वाचकांचं टेबल आलंय, पुस्तकांचं मात्र पूर्ण रिकामं! एका चुकीत अख्खं टेबल कसं जाईल? चूक शोधायला वर सरकवलं, तर टर्मिनलमध्ये तेवढं मागचं शिल्लकच नाही. म्हणून > लावून फाईलमध्ये घेतलं. फाईल शून्य बाइटची, ओळी परत पडद्यावरच. पडद्यावर दिसायलाही पाहिजे आणि जपूनही राहायला पाहिजे. इकडं पावसात वीज कधी जाईल नेम नाही. काय करू सांगा की.

प्रतिसाद, निपाणीहून:
दादा, > फक्त स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे कमांडचा नेहमीचा प्रवाह, पकडतं. व्हर्बोजच्या ओळी आणि चुका स्टँडर्ड एरर या वेगळ्या प्रवाहावर जातात, त्याचा नंबर २. तेव्हा कमांडच्या शेवटी असं लावा:

२>&१ | टी रिस्टोअर.लॉग

(आकडे आणि कमांड अर्थात इंग्रजीत टाईप करायचे.) टी ही कमांड आलेल्या ओळी पडद्यावरही दाखवते, फाईलमध्येही लिहिते. नवीन रिकाम्या डेटाबेसमध्ये चालवा बगा, नाहीतर ‘ऑलरेडी एक्झिस्ट्स’नंच लॉग भरेल. मग फाईल लेसमध्ये (फाईल वाचायची कमांड) उघडून / दाबा आणि ‘एरर’ शोधा. टेबल रिकामं राहिलं कारण डेटा कॉपी कमांडनं भरतो. एक ओळ अडली की त्या टेबलाची सगळी कॉपी रद्द होते.

प्रतिसाद, बेळगावहून:
एक जोड. पाइप (|) लावला की एक्झिट कोड, म्हणजे कमांड जमली की फसली ते सांगणारा आकडा, टीचा येतो; म्हणजे रिस्टोअर फसला तरी ० (जमलं). स्क्रिप्टमध्ये घालणार असाल तर आधी सेट -ओ पाइपफेल लिहा, म्हणजे रिस्टोअर फसला तर तसं कळेल.

मूळ धागाकर्ता:
सापडलं! ‘इनव्हॅलिड बाइट सीक्वेन्स फॉर एन्कोडिंग यूटीएफ८’, खाली कॉपीतल्या ओळीचा नंबरसुद्धा. जुना डेटाबेस एसक्यूएल_आस्की निघाला, म्हणजे अक्षरांचं एन्कोडिंग न तपासता येईल ते साठवणारा. त्या ओळीवर एक कन्नड पुस्तक आहे, नाव नुडी या जुन्या, युनिकोड नसलेल्या कन्नड फॉन्टमध्ये टाईप केलेलं. ती ओळ काढून बाकीचं भरू का?

प्रतिसाद, निपाणीहून:
काढू नका. कॉपी पहिल्याच चुकीला थांबते, तशी आणखी किती नावं असतील ते लॉगमध्ये दिसणार नाही. आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या कमांडनंही भागणार नाही, कारण नुडीत अक्षरं फॉन्टच्या खुणांनी साठवलेली असतात. जुन्या डेटाबेसमध्येच अशी नावं शोधा, नुडी ते युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा, पुस्तक हातात धरून ताडून बघा, आणि मग नवा बॅकअप घ्या.

मूळ धागाकर्ता:
बरं. रविवारी काकांना बोलावतो, कन्नड कपाटापासूनच सुरुवात करतो. जुना कॉम्प्युटर तोवर हलवत नाही.